इनबॉक्समधला स्पॅम कसा आवरायचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात माझा छोटा संगणक वर्ग आहे. एमएस-सीआयटीची बॅच सुटली की कुणी ना कुणी फोन पुढे करून विचारतं, "मॅडम, हे मेल बंद कसे करायचे?" विचारणाऱ्यांत निवृत्त शिक्षक असतात, दुकानदार असतात, नोकरीचे अर्ज भरणारी मुलं असतात. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांचं खातं जीमेलचं असल्यामुळे बटणांची नावं जीमेलमधली दिली आहेत.

स्पॅम म्हणजे नेमकं काय? जाहिरातीचा प्रत्येक मेल स्पॅम असतो का?

नाही. इनबॉक्समधल्या नकोशा मेलचे तीन प्रकार असतात आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. पहिला प्रकार आपणच ओढवून घेतलेला. कधीतरी चप्पल मागवली, अटी न वाचता खूण केली आणि आता रोज सवलतीचे मेल येतात. दुसरा प्रकार ओळख ना पाळख, तरी येऊन पडणाऱ्या जाहिरातींचा. तिसरा सरळसरळ फसवणुकीचा : बँकेच्या नावाने, आयकर खात्याच्या नावाने, नाहीतर परदेशातल्या कुणा वारसाच्या नावाने.

हा त्रास जवळपास ईमेलइतकाच जुना आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या तेव्हाच्या जाळ्यावर सुमारे ४०० जणांना एकाच वेळी आपल्या नव्या संगणकांची जाहिरात पाठवली. हा पहिला स्पॅम मानला जातो. 'स्पॅम' हे खरं तर डबाबंद मांसाचं नाव. एका ब्रिटिश विनोदी कार्यक्रमात हॉटेलातल्या प्रत्येक पदार्थात तेच येत राहतं, त्यावरून ते नकोशा संदेशांना चिकटलं.

माझा पत्ता या लोकांना मिळतो तरी कुठून?

बऱ्याचदा आपल्याच हातून. प्रदर्शनातली सोडतीची चिठ्ठी, मॉलमधलं फुकट वायफाय, एकदाच वापरून सोडून दिलेलं ॲप. दुसरा मोठा मार्ग डेटा फुटण्याचा. एखाद्या कंपनीची ग्राहकांची यादी चोरीला जाते आणि ती पुढे विकली जाते. आपला पत्ता अशा कुठल्या फुटलेल्या यादीत आहे का, हे 'हॅव आय बीन पोन्ड' या संकेतस्थळावर मोफत पाहता येतं. ऑस्ट्रेलियाच्या ट्रॉय हंट यांनी ते २०१३ मध्ये सुरू केलं. तिथे फक्त ईमेल पत्ता टाकायचा.

तिसरा मार्ग आपण रोखू शकतो. संस्थेच्या सभासदांची यादी पत्त्यांसकट संकेतस्थळावर चढवली जाते, आणि असे पत्ते गोळा करत फिरणारे प्रोग्राम ती उचलतात. तसंच लग्नाची पत्रिका ऐंशी जणांना पाठवताना सगळे पत्ते 'टू'मध्ये भरले की ऐंशी जणांचे पत्ते ऐंशी ठिकाणी पोहोचतात. अशा वेळी 'बीसीसी' वापरा, त्यात एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. आपल्या नातेवाइकांचे पत्ते सांभाळणं हेही आपलंच काम आहे.

कुठला मेल स्पॅम आहे हे फिल्टर ठरवतो कसं?

फिल्टर म्हणजे आलेले मेल गाळणारी मेल सेवेची व्यवस्था. हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण हे एकदा समजलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

मेल दारात आला की आधी पाहिलं जातं, तो कुठल्या सर्व्हरवरून आला. स्पॅम पाठवणाऱ्या सर्व्हरच्या याद्या ठेवणाऱ्या संस्था आहेत. १९९८ मध्ये सुरू झालेली स्पॅमहाउस त्यांतली मोठी. त्या यादीत नाव असेल तर बरेच मेल दारातूनच परत जातात. ते आपल्या स्पॅम फोल्डरपर्यंतही पोहोचत नाहीत.

मग ओळखपत्र तपासलं जातं. ईमेलमध्ये 'कडून' या जागी काय लिहायचं हे पाठवणाऱ्याच्या हातात असतं. पाकिटामागे कुणीही कुणाचंही नाव लिहावं, तसंच. म्हणून तीन तपासण्या आल्या. एसपीएफ सांगतं की या संस्थेच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुठल्या सर्व्हरना आहे. डीकेआयएम म्हणजे मेलवर उमटवलेली डिजिटल मोहोर, वाटेत मजकूर बदलला तर ती जुळत नाही. आणि या दोन्ही गोष्टी जुळल्या नाहीत तर मेलचं काय करायचं, हे त्या संस्थेने आधीच जाहीर करून ठेवलेलं असतं, ते डीमार्क.

त्यानंतर मजकूर. इथे अठराव्या शतकातले इंग्लंडमधले धर्मगुरू थॉमस बेज कामाला येतात. संभाव्यतेवरचा त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातलं तत्त्व स्पॅम गाळायला वापरता येईल, हे १९९८ च्या सुमारास संशोधकांनी दाखवलं. २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या अमेरिकी प्रोग्रामरने त्यावर सोप्या भाषेत लेख लिहिला आणि ही पद्धत सगळीकडे पसरली.

वर्गात मी ती फळ्यावर अशी मांडते. समजा, तुमच्याकडे १०० चांगले आणि १०० स्पॅम मेल आहेत. 'अभिनंदन' हा शब्द ३० स्पॅममध्ये आणि १० चांगल्या मेलमध्ये सापडला. म्हणजे 'अभिनंदन' दिसलं की तो मेल स्पॅम असण्याची शक्यता ४० पैकी ३०, म्हणजे ७५ टक्के. आता 'सातबारा' घ्या. तो एकाच स्पॅममध्ये आहे आणि १९ चांगल्या मेलमध्ये. एकाच मेलमध्ये दोन्ही शब्द आले तर? 'अभिनंदन' स्पॅमच्या बाजूने तिप्पट ओढतं, 'सातबारा' चांगल्याच्या बाजूने एकोणीसपट. हिशेब केला की शक्यता २२ पैकी ३, म्हणजे जेमतेम १४ टक्के उरते. मेल इनबॉक्समध्ये जातो. एका शब्दावर कुणाला फाशी दिली जात नाही, सगळ्या शब्दांची साक्ष काढली जाते.

आणि हा हिशेब माणसागणिक बदलतो. औषधांची नावं माझ्या इनबॉक्समध्ये संशयास्पद ठरतील, औषध दुकानदाराच्या इनबॉक्समध्ये ती रोजच्या व्यवहाराची असतील. आजचे फिल्टर याहून कितीतरी पुढे गेले आहेत, पण आपण 'रिपोर्ट स्पॅम' किंवा 'नॉट स्पॅम' दाबतो तेव्हा आपण त्यांना शिकवत असतो, हे तत्त्व तेच आहे.

हवा असलेला मेल स्पॅममध्ये का गेला?

हा प्रश्न कुणी विचारला की मी हातातलं काम बाजूला ठेवते.

माझ्या वर्गातल्या एका मुलीने नोकरीसाठी अर्ज केला होता. कागदपत्र पडताळणीचं बोलावणं मंगळवारी मेलवर आलं, शनिवारपर्यंत हजर व्हायचं होतं. तो मेल तिला पुढच्या सोमवारी सापडला, स्पॅम फोल्डरमध्ये, दोन लॉटऱ्यांच्या मधोमध. तिथे फोन केला तेव्हा उत्तर मिळालं की आम्ही मेल पाठवला होता. पाठवला होताच, त्यात खोटं काही नव्हतं.

मी तिच्यासमोर तो मेल उघडला. उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून 'शो ओरिजिनल' निवडलं की वरच्या तक्त्यात एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांचे निकाल दिसतात. एसपीएफच्या पुढे 'फेल' होतं. डीकेआयएमची ओळच नव्हती. विषय सगळा मोठ्या इंग्रजी अक्षरांत, शेवटी तीन उद्गारचिन्हं. मजकूर दोन ओळींचा आणि त्यात आखूड केलेली एक लिंक. फिल्टरच्या जागी मी असते तरी मलाही संशय आला असता. चूक पाठवणाऱ्यांच्या व्यवस्थेची होती. संधी मात्र मुलीची गेली.

नकोसा मेल इनबॉक्समध्ये आला तर अर्ध्या मिनिटाचं नुकसान होतं. हवा असलेला मेल स्पॅममध्ये गेला तर वर्ष जाऊ शकतं. म्हणून चार गोष्टी कराच. आठवड्यातून एकदा स्पॅम फोल्डर उघडून नुसत्या विषयांवर नजर टाका, आणि कुठे अर्ज केला असेल त्या दिवसांत रोज. जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी कायमचे पुसून टाकतं, तेव्हा "बघू नंतर" चालत नाही. चांगला मेल सापडला तर तो नुसता वाचून सोडू नका, 'नॉट स्पॅम' दाबा. आणि ज्या पत्त्यावरून उत्तर येणार आहे तो आधीच संपर्क यादीत जतन करा.

फिल्टर स्वतः कसा तयार करायचा?

हा फिल्टर म्हणजे ठरावीक मेलचं काय करायचं, याचा आपण जीमेलला घालून दिलेला नियम. तो तयार करायचा संगणकावर, ब्राउझरमध्ये. जीमेलच्या मोबाइल ॲपमध्ये फिल्टर तयार करायची सोय नाही. मुलं तिथेच शोधत बसतात.

वरच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाला छोटं चिन्ह असतं, ते दाबा. खाली तक्ता उघडतो. 'फ्रॉम'मध्ये पत्ता लिहा. एकाच संस्थेच्या वेगवेगळ्या पत्त्यांवरून मेल येत असतील तर फक्त 'ॲट'च्या पुढचा भाग लिहिला तरी चालतो. मग 'क्रिएट फिल्टर'. पुढच्या यादीत जे हवं त्यावर खूण करा. विद्यापीठ, बँक, मुलांची शाळा यांच्यासाठी 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' ही खूण सोन्याच्या मोलाची आहे. दुकानांच्या मेलसाठी 'स्किप द इनबॉक्स' आणि 'अप्लाय द लेबल' अशा दोन खुणा करून 'खरेदी' नावाचं लेबल द्या. मेल तिथे साठत राहतील, सवड असेल तेव्हा बघा.

'डिलीट इट' ही खूण मात्र एकट्या शब्दावर कधीही लावू नका. एका गृहस्थांनी कर्जाच्या जाहिरातींना वैतागून 'लोन' हा शब्द असलेला प्रत्येक मेल डिलीट होईल असा फिल्टर लावला होता. त्यांच्याच गृहकर्जाचं व्याजाचं प्रमाणपत्र तीन महिने सापडेना. असा मेल कचरापेटीत जातो आणि तिथूनही ३० दिवसांनी पुसला जातो.

'ब्लॉक', 'रिपोर्ट स्पॅम' आणि 'अनसबस्क्राइब' यांतलं काय कधी दाबायचं?

ओळखीचं दुकान, ओळखीचं ॲप असेल तर 'अनसबस्क्राइब'. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेल स्वतः ते बटण दाखवतं. ते वापरा, मेलच्या तळाशी असलेली बारीक लिंक शोधू नका. अशा सगळ्या वर्गण्या एकत्र बघायच्या तर डावीकडच्या यादीत 'मॅनेज सबस्क्रिप्शन्स' आहे.

अनोळखी असेल तर 'रिपोर्ट स्पॅम'. तिथे आतल्या 'अनसबस्क्राइब' लिंकला हात लावू नका. ती दाबली की समोरच्याला कळतं, हा पत्ता चालू आहे आणि इथे माणूस मेल वाचतो.

'ब्लॉक' हे ठरावीक व्यक्तीसाठी. स्पॅम पाठवणारे दरवेळी पत्ता बदलतात, त्यामुळे त्यांना ब्लॉक करत बसणं म्हणजे पावसाचे थेंब मोजणं.

स्पॅम म्हणून केलेल्या तक्रारीला वजन आहे, हेही सांगते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांवर नियम लावले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही लागतात, जाहिरातीच्या मेलमध्ये एका टिचकीत वर्गणी बंद करायची सोय द्यावी लागते आणि तशी विनंती दोन दिवसांत पाळावी लागते. त्यांच्याविरुद्धच्या स्पॅम तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली राहायला हव्यात. म्हणजे हजारात तीन जणांनी बटण दाबलं तरी कंपनीला घाम फुटतो. म्हणूनच ज्याची वर्गणी आपण स्वतः घेतली आहे त्याला आळसाने स्पॅम ठरवू नका.

फसवणुकीचा मेल ओळखायचा कसा?

माझ्याच इनबॉक्समध्ये आलेला एक सांगते. विषय : आयकर परतावा मंजूर. आत भारताची राजमुद्रा, रक्कम थेट रुपये-पैशांत, आणि "२४ तासांत खात्याची खात्री करा, अन्यथा परतावा रद्द". खाली निळं बटण. त्या महिन्यात मी खरोखरच विवरणपत्र भरलं होतं, त्यामुळे क्षणभर बोट तिकडे गेलंच.

मग पत्ता वाचला. पत्ता उजवीकडून डावीकडे वाचायचा. 'ॲट'नंतर सुरुवातीला आयकर खात्याचं नाव होतं, पण शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' नव्हता, भलताच होता. मालकी शेवटावरून ठरते. सुरुवातीला काहीही लिहिता येतं. मोबाइलवर फक्त नाव दिसतं, म्हणून नावावर बोट टेकवून पूर्ण पत्ता उघडायची सवय लावा. आणि अक्षरं नीट पाहा : इंग्रजी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी आले की घाईत 'एम' वाटतो.

आयकर खातं मेलवर पासवर्ड, पिन किंवा कार्डाचे तपशील मागत नाही. बँकाही मागत नाहीत. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं 'डॉट बँक डॉट इन' या शेवटाखाली आणायला सांगितलं, ते याचसाठी. शंका आली तर मेलमधल्या लिंकवरून कुठेही जाऊ नका. ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करा.

चुकून लिंक उघडली, माहितीही भरली. आता?

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. लाजून दोन दिवस घालवू नका, पैसे अडवायला पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात.

ईमेलचा पासवर्ड दिला असेल तर तो दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून बदला आणि द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं) चालू करा. त्यानंतर एक गोष्ट बहुतेक जण विसरतात : सेटिंग्जमधले 'फिल्टर्स' आणि 'फॉरवर्डिंग' हे दोन भाग उघडून बघा. चोर आत शिरला की बँकेचे इशारे थेट कचरापेटीत जातील असा फिल्टर लावून ठेवतो, किंवा सगळे मेल स्वतःकडे वळवून घेतो. पासवर्ड बदलला तरी तो फिल्टर तसाच राहतो.

स्पॅम मेल नुसता उघडला तर व्हायरस येतो का?

सहसा नाही. धोका जोडलेली फाइल आणि लिंक यांत असतो. काही मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं चित्र असतं, ते लोड झालं की मेल उघडला गेल्याची खबर जाते. सेटिंग्जमध्ये 'आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस' निवडा, प्रश्न मिटला. स्पॅम फोल्डरमध्ये चित्रं तशीही बंदच असतात.

माझ्याच पत्त्यावरून मला धमकीचा मेल आलाय. खातं हॅक झालं का?

बहुतेक नाही. पाकिटामागे कुणीही नाव लिहू शकतो, हे वर सांगितलंच. "तुमचा व्हिडिओ माझ्याकडे आहे, बिटकॉइन पाठवा" असा हा मेल लाखो लोकांना एकदमच जातो. त्यात तुमचा जुना पासवर्ड लिहिलेला असेल तर तो फुटलेल्या यादीतून उचललेला असतो. तो पासवर्ड अजून कुठे वापरात असेल तर आजच बदला. पैसे पाठवू नका, उत्तर देऊ नका. आणि मनात ठेवून झोप घालवू नका, घरात कुणालातरी सांगा.

भारतात स्पॅमविरुद्ध कायदा आहे का?

अमेरिकेत २००३ चा कॅन-स्पॅम कायदा आहे. आपल्याकडे ईमेल स्पॅमसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. १९०९ वरची 'नको' नोंदणी फोन आणि एसएमएससाठी आहे, ईमेलला ती लागू होत नाही. ओळख बदलून फसवलं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

आमच्या मंडळाचे मेल सभासदांच्या स्पॅममध्ये जातात. काय करू?

गणेशोत्सवाच्या आधी हा प्रश्न हमखास येतो. परदेशातली महाराष्ट्र मंडळंही विचारतात. साध्या जीमेल खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल पाठवता येतात, आणि महिनोन्‌महिने गप्प असलेलं खातं एका संध्याकाळी चारशे जणांना तोच मजकूर पाठवू लागलं की फिल्टर सावध होतो. मंडळाचं स्वतःचं डोमेन, म्हणजे 'ॲट'च्या पुढे मंडळाचंच नाव, असेल तर ज्यांच्याकडून ते घेतलं त्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क लावून द्यायला सांगा. यादीतले बंद पडलेले पत्ते काढा. नुसतं पोस्टरचं चित्र चिकटवू नका, कार्यक्रमाचं ठिकाण, वेळ आणि दोन ओळी मजकुरातही लिहा. चित्रात शब्द लपवणं ही स्पॅमवाल्यांची जुनी युक्ती आहे. आणि मराठी देवनागरीतच लिहा. रोमन लिपीत एकच शब्द चार जण चार तऱ्हेने लिहितात, त्यामुळे शब्दांवरून शिकणाऱ्या फिल्टरला तो एक शब्द आहे हे कळायला वेळ लागतो.

जीमेल सोडून दुसरं खातं असेल तर?

तत्त्व तेच, नावं वेगळी. आउटलुकमध्ये स्पॅमला 'जंक' म्हणतात. थंडरबर्ड हा संगणकावरचा मेलचा प्रोग्राम वापरत असाल तर त्याचा फिल्टर तुम्हीच शिकवायचा असतो : फक्त जंक दाखवून भागत नाही, चांगले मेलही 'चांगले' म्हणून दाखवावे लागतात. वरचं 'सातबारा'चं उदाहरण आठवा, दोन्ही बाजू माहीत असल्याशिवाय हिशेब होत नाही.

बाबांच्या फोनवर नऊ हजार न वाचलेले मेल आहेत. कुठून सुरुवात करू?

खाली बसून एकेक पुसू नका. संगणकावर त्यांचं खातं उघडा, शोधपट्टीत 'अनसबस्क्राइब' हा शब्द इंग्रजीत टाका. जाहिरातींचे बहुतेक मेल एका जागी येतील. सगळ्यात जास्त मेल पाठवणारे पहिले दहा जण निवडा, त्यांची वर्गणी बंद करा, मग त्या एकेकाचे जुने मेल एकत्र निवडून पुसा. माझ्या अनुभवात दहा नावांतच निम्मा ढीग उतरतो. पुसण्याआधी विमा, पेन्शन, बँक आणि दवाखान्याच्या मेलना लेबल लावून बाजूला काढा, आणि हे बाबा शेजारी बसलेले असतानाच करा. कुठला मेल कुणाचा, हे त्यांनाच माहीत असतं. माझ्या वडिलांच्या खात्यात अशाच ढिगाखाली त्यांच्या शाळेतल्या मित्राचे सात मेल निघाले. शेवटचा चौदा महिन्यांपूर्वीचा होता. बाबांनी त्याच दुपारी त्यांना फोन लावला.